आधी दगड घ्या, मग चाकू

चोपड्याकडे आमची केळी आणि थोडी कपाशी आहे, त्यामुळे खिशात चाकू नाही असा दिवस वर्षात सापडायचा नाही. ठिबकची नळी कापायची, सुतळी तोडायची, पार्सलची टेप काढायची, बांधावर बसून कांदा-लिंबू चिरायचं, एसटीत पेरू कापायचा, सगळं त्याच्यावरच. घड कापायला विळा-कोयता वेगळा असतो, त्याचं इथं काही बोलत नाही, मी बोलतोय ते घडी होऊन खिशात बसतो त्या चाकूबद्दल. गेल्या पाच-सहा वर्षांत असे चार वापरले, चारही शेतात राबवले, आणि कोणता घेऊ म्हणून बरेच जण विचारतात तर म्हटलं एकदाच सविस्तर लिहून टाकू.

पहिला चाकू घरी आला तेव्हा आबांनी तो हातात घेऊन उलटापालटा करून पाहिला आणि एवढंच म्हणाले, "पहिले धार लावनं शिक, मंग चाकू ले." मी तेव्हा ऐकलं नाही, धार गेली की अजून महागाचा चाकू शोधायला लागायचो. आता मला कोणी विचारलं तर मीही हेच सांगतो.

तो पहिला ऑनलाइन मागवलेला, काळ्या कोटिंगचा, अर्धं पातं करवतीसारखं दातेरी, खिशाला अडकवायची क्लिप, बोटाने टिचकी मारली की फाटकन उघडायचा. कंपनीचं नाव घेत नाही. त्यात लायनर लॉक होतं, म्हणजे मुठीच्या आत पत्र्याची एक पट्टी असते, पातं उघडलं की ती सरकून पात्याच्या बुडाला अडते आणि पातं मिटू देत नाही. लॉक म्हणून वाईट नाही, चांगल्या बनावटीच्या चाकूत ते दणकट असतं. पण कपाशी वेचायच्या दिवसात खिशात रुई जाते, ठिबकचा फिल्टर धुताना ओली माती जाते, दोन्हीचा लगदा त्या पट्टीच्या मागे जाऊन सुकला आणि पट्टी पूर्ण सरकायचीच नाही, नुसती कडेला टेकायची, आणि उघडताना "टक" आवाज यायचा म्हणून मला वाटायचं लॉक बसलंय. एक दिवस प्लास्टिकच्या ड्रमला भोक पाडायला टोक दाबलं आणि पातं मिटून तर्जनीवर आलं. चार टाके पडले, बोटाचं टोक अजून थंडीत बधिर होतं. ड्रमला भोक पाडायचं काम चाकूचं नाही हे खरंच, पण तुमच्याकडे लायनर लॉकवाला चाकू असेल तर आत्ता उघडून बघा, ती पट्टी पात्याच्या बुडाच्या निदान तिसऱ्या हिश्श्यावर बसलेली दिसली पाहिजे, आणि आतली घाण दर पंधरा दिवसांनी जुन्या टूथब्रशने काढा.

दुसरा स्विस, व्हिक्टोरिनॉक्सचा हंट्समन, मिटल्यावर 91 मिमी लांब. ही कंपनी 1884 ची, स्वित्झर्लंडमधल्या इबाख गावची, कार्ल एल्झेनर नावाच्या कारागिराने काढलेली, त्यांच्या आईचं नाव व्हिक्टोरिया आणि इनॉक्स म्हणजे स्टेनलेस स्टील, दोन्ही जोडून नाव झालं. याला लॉक नाही, पाठीमागच्या स्प्रिंगच्या जोरावरच पातं उभं राहतं, त्यामुळे कापायला उत्तम पण टोचायला नाही, टोचायला मागच्या बाजूला मोच्याच्या आरीसारखी आरी दिलीय आणि तिला छिद्र आहे, त्यात दोरा ओवून मी फाटलेली ताडपत्री शिवलीय. सगळ्यात जास्त मी याची कात्री वापरतो, इतकी छोटी कात्री इतकी चांगली चालते हे हातात घेतल्याशिवाय पटत नाही. पातं फार कडक नाही, त्यामुळे धार लवकर जाते आणि लवकर येते पण, दगडावर पाच मिनिटं पुरतात.

या चाकूने एक गोष्ट मला नुकसान होऊन शिकवली. केळीला पोटॅश द्यायचा होता, गोणी चाकूने फाडली, पातं न पुसता घामेजल्या खिशात टाकलं आणि चार दिवस विसरलो. उघडून बघतो तर पात्यावर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे, कायमचे. स्टेनलेस म्हणजे गंजतच नाही असा आपला समज असतो, पण पोटॅशमधे क्लोराईड असतं आणि त्याच्यापुढे स्टेनलेसही टिकत नाही. खताला लागलेला चाकू त्याच वेळी साध्या पाण्याने धुवा आणि कोरडा करा. आणि खरं म्हणजे गोणीला चाकू लागतच नाही, शिलाईचं बरोबर टोक सापडलं की दोरा सर्रकन उसवत जातो आणि गोणीही परत वापरायला राहते.

तिसरा ओपिनेल, आणि याच्यावर मला जास्त लिहायचंय कारण याच्यावर माझा जीव आहे. फ्रान्समधल्या सावोय भागातला, 1890 पासून बनतोय, नंबरावर साईज ओळखतात, माझा 8 नंबर, पातं साडेआठ सेंटिमीटर. बीच लाकडाची गोल मूठ, पातळ पातं, आणि पात्याच्या बुडाशी एक फिरणारी स्टीलची रिंग, ती फिरवली की पातं लॉक, ही रिंग 1955 मधे आली. त्या रिंगमधे रुई अडकत नाही, माती गेली तर फुंकर मारली की झालं. पातं स्टेनलेसमधेही मिळतं पण मी मुद्दाम कार्बन स्टीलचं घेतलं, पुण्याहून भाच्याने आणून दिलं.

कार्बन स्टील म्हणजे गंजणारं लोखंड, हे आधी समजून घ्या. पहिल्याच आठवड्यात केळीची पानं काढली आणि चीक तसाच राहिला, संध्याकाळपर्यंत चकचकीत पातं काळं-निळं, मधे जांभळट ढग आल्यासारखं. मला वाटलं गेला कामातून. पण केळीचा चीक कपड्याला लागला की जसा जात नाही तसंच हे, लोखंडावर काळा थर धरतो आणि तो थर उलट खालच्या लोखंडाला सांभाळतो. काळं-निळं झालं तर काही करू नका, लाल-तांबडं दिसलं तर तो गंज, तेल टाकून 1000 नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने काढा. चीक चिकटला असेल तर पाणी लावू नका, आपण हाताला लावतो तसं आधी तेल चोळा, मग फडक्याने पुसा, मग पाणी. सुरुवातीचा महिनाभर कांदा-लिंबू कापलं की फोडीवर करडी रेघ उमटते आणि लोखंडाचा वास येतो, तेव्हा घरातल्यांनी कुरकुर केली, थर बसल्यावर ते आपोआप थांबलं. डिसेंबरात शेतात भरीत होतं तेव्हा तुराट्यांवर वांगी भाजत असताना कांद्याची पात आणि हिरव्या मिरच्या हाच चिरतो, पात दाबली न जाता कापली जाते, चिरलेल्याला पाणी सुटत नाही, आणि एवढं पातळ पातं बाकी तिघांपैकी एकाचंही नाही.

याची अडचण लाकडाची आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, तेव्हा मूठ सुकते आणि पातं इतकं ढिलं होतं की नुसतं झटकलं तर बाहेर येतं, आणि पहिला मोठा पाऊस झाला की लाकूड फुगतं आणि पातं बाहेर काढताना नख तुटायची वेळ. सावोयकडचे लोक रिंग मोकळी करून मुठीचं मागचं टोक लाकडावर ठोकतात, पातं थोडं वर येतं, मग चिमटीत धरून ओढायचं, मीही तेच करतो. पण कायमचा इलाज म्हणून मी उन्हाळ्यात मूठ जवसाच्या तेलाने तीनदा भिजवली, प्रत्येक वेळी पुसून आठवडाभर सावलीत वाळवली, आणि पात्याच्या खाचेत थोडं व्हॅसलिन भरलं, तेव्हापासून पावसाळ्यातही बोटाने उघडतो. एक काळजी घ्या, जवसाच्या तेलाचा बोळा गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ते तेल वाळताना गरम होतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो, उन्हात पसरून वाळू द्या.

चौथा सारंगखेड्याच्या यात्रेतला. घोडे बघायला गेलो होतो, तिथं एका लोहारदादांच्या पालावर विळे-खुरप्यांच्या शेजारी चार घडीचे चाकू मांडलेले, गाडीच्या कमानपाट्याचं पातं, बाभळीची मूठ, पितळी खिळा. ना लॉक ना स्प्रिंग, नुसतं घट्ट बसण्यावर चालतो. पातं जाड आहे, टोमॅटोला हा चाकू नको, पण नळी, दोर, बांबूची खपाटी याला हाच लागतो आणि धार ओपिनेलपेक्षा जास्त टिकते. सहा महिन्यांत खिळा ढिला झाला, मी यूट्यूब बघत बसलो होतो, आबांनी खिळा ऐरणीवर ठेवून हातोडीचे दोन हलके ठोके मारले, पातं परत घट्ट. असं दुरुस्त होणं मला चाकू म्हणून फार मोठी गोष्ट वाटते, तो काळा ऑनलाइनवाला उघडायला खास चांदणीचा पाना लागतो आणि तो गावात कोणाकडे नाही.

आता धारेचं. ओपिनेलची धार पहिल्यांदा गेली तेव्हा मी तो गावात फिरणाऱ्या एका धारवाल्याला दिला, त्याच्याकडे मोटारीवरचा चाकाचा दगड, कोरडाच, ठिणग्या उडत होत्या आणि मी कौतुकाने बघत होतो. घरी येऊन पाहिलं तर टोकाकडे बोटभर भाग निळा पडला होता. हा निळा रंग चिकाच्या थराचा नाही, लोखंड 300 अंशाच्या आसपास तापलं की असा येतो, म्हणजे तिथलं पाणी उतरलं, ते मऊ झालं. दोन दिवसांत तेवढ्याच भागाची धार वळायला लागली. नंतर दगडावर घासून घासून तेवढं टोक घालवावं लागलं, पातं आता 8 नंबरचं राहिलेलं नाही. पातळ पात्याचा चाकू कोरड्या चाकावर देऊ नका, विळा-कुऱ्हाडीला चालतं.

हार्डवेअरच्या दुकानात दोन बाजूंचा कुरुंदाचा दगड मिळतो, एक बाजू खरखरीत, एक बारीक, चाकूच्या मानाने किंमत काहीच नाही. तेल किंवा पाणी यातलं एक ठरवा, एकदा तेल पाजलं की त्यावर परत पाणी धरत नाही. खरी अडचण कोन धरण्याची असते. दोन्ही बाजूंनी वीस अंश चांगले, आणि वीस अंश म्हणजे पात्याच्या रुंदीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकी पाठ दगडापासून वर. पातं 18 मिमी रुंद असेल तर पाठ 6 मिमी उचलायची, एक रुपयाची चार नाणी एकावर एक ठेवली की जवळपास तेवढी उंची होते, सुरुवातीला दगडावर ती नाणी ठेवून पाठ टेकवून अंदाज घ्या, मग नाणी काढा. धारेला मार्करने काळं करा आणि चार हात मारून बघा, शाई नेमकी कडेवरची गेली तर कोन बरोबर, वरची गेली तर पाठ अजून उचला.

एका बाजूने घासत राहायचं, किती वेळा ते मोजू नका, दुसऱ्या बाजूला नखाला अडकेल अशी बारीक तार बुडापासून टोकापर्यंत जाणवेपर्यंत घासायचं, मग बाजू बदलायची, मग बारीक बाजूवर तसंच पण हात हलका. मी पहिले दोन महिने तार यायच्या आधीच बाजू बदलायचो म्हणून धार येत नव्हती, बाकी चूक काही नव्हती. शेवटी तार काढायला जुना चामडी पट्टा, आतली खरबरीत बाजू वर, न्हावी वस्तरा घासायचे तसं, धार मागे आणि पाठ पुढे ठेवून वीस-पंचवीस वेळा ओढायचं. बघायला अंगठा फिरवू नका, पिकलेला टोमॅटो घ्या, न दाबता नुसत्या ओढीने साल कापली गेली तर झालं. रोज पट्टा मारला तर दगडाची गरज मला महिन्यातून एकदाच पडते. डी2 वगैरे कडक स्टीलचे चाकू ऑनलाइन फार विकले जातात, धार खूप टिकते पण या दगडावर ते लवकर ऐकत नाहीत, म्हणून शेतावरच्या माणसाला मी ते सुचवत नाही.

सांध्यात तेल टाकायचं तर शिलाई मशीनचं, एक थेंब. शेंगदाण्याचं किंवा तिळाचं टाकलं तर वाळून चिकट होतं आणि धूळ धरतं, हे मी करून बसलोय.

कायद्याचं थोडक्यात, कारण पोरं विचारतात. शस्त्र कायद्याच्या नियमांत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याच्या चाकूला शस्त्र म्हटलंय, घरकामाची-शेतीची हत्यारं त्यात नाहीत, आपले चाकू त्याच्या निम्म्याहूनही लहान. पण सणासुदीला, निवडणुकीला महाराष्ट्र पोलीस कायदा 1951 च्या कलम 37 खाली बंदी आदेश निघतो, त्यात चाकूही येतात, तेव्हा मिरवणुकीत, सभेत जाताना चाकू घरी ठेवा. विमानाला हातातल्या बॅगेत अजिबात नको. बटण दाबलं की उघडणारा खटक्याचा चाकू शेतकऱ्याला कशालाच लागत नाही, तो घेऊच नका.

घेताना दुकानात एवढं बघा: मिटल्यावर पातं बरोबर मधोमध बसतं का, उघडल्यावर दोन बोटांत धरून आडवं हलतं का, आणि ओल्या हाताने उघडता येतं का. पहिल्यांदाच घेत असाल, धार लावायची सवय नसेल आणि ऑफिस-घर एवढंच असेल तर स्विस घ्या, त्याच कंपनीचा लहान कॅडेटसुद्धा पुरतो. पुसायची शिस्त असेल आणि खाण्याचं जास्त कापत असाल तर ओपिनेल, कार्बनचा भरवसा नसेल तर त्यातला स्टेनलेस. निव्वळ शेतावर असाल तर यात्रेत लोहाराचा पाल शोधा.

माझा दगड आता मधे खोलगट झालाय, खोलगट दगडावर कोन राहत नाही, म्हणून काल सिमेंटच्या ओट्यावर वाळू आणि पाणी टाकून अर्धा तास घासून सपाट केला. दत्तजयंतीला परत सारंगखेड्याला जाणार आहे, ते लोहारदादा भेटले तर अजून एक चाकू सांगायचाय, पातं थोडं पातळ, आणि खिळ्याच्या दोन्ही बाजूंना पितळी वायसर टाकून, म्हणजे लाकूड कमी झिजेल.