वीस खुर्च्यांवर रुमाल: जत्रेच्या नाटकाला बीगलबोन ब्लॅक

फोंड्याला माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. दिवसा पंप, पंखे, मिक्सर. कार्तिक उजाडला की संध्याकाळी लवकर शटर ओढायचं, दिव्यांच्या पेट्या पिकअपमध्ये टाकायच्या आणि ज्या गावात देवळासमोर नाटक असेल तिकडे निघायचं. बाबाही हेच करत. त्यांचा डिमर म्हणजे मिठाच्या पाण्याची चिनी मातीची बरणी आणि दोरीला बांधलेला पत्रा. पत्रा वर ओढला की सूर्यास्त, खाली सोडला की पहाट. चटका बसला की शिवी, तीही नांदी चालू असताना, म्हणून दबक्या आवाजात.

माझ्याकडे आजही हॅलोजन आहेत, ५०० आणि १००० वॉटचे. एलईडीचे पार दिवे आले, त्यांना डीएमएक्सची, म्हणजे दिव्यांना हुकूम पोचवणारी, एक वायर दिली की काम होतं, हे मला माहीत आहे. पण रंगवलेल्या चेहऱ्यावर हॅलोजनचा पिवळसर उजेड जसा बसतो तसा मला परवडणाऱ्या एलईडीचा बसत नाही. आणि पेट्या घरच्या आहेत, भाड्याच्या नाहीत. तेव्हा बारा चॅनेलचा डिमर स्वतःच बनवायचा ठरवलं. त्यासाठी घेतलेल्या बोर्डाबद्दल हे लिहितोय. चार सीझन वापरल्यावर लिहितोय, डबा उघडून दुसऱ्या दिवशी नव्हे.

बीगलबोन ब्लॅक हा बोर्ड, म्हणजे लिनक्सवर चालणारा छोटा कॉम्प्युटर, २०१३ साली आला, म्हणजे तसा म्हाताराच. एक गिगाहर्ट्झचा टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम, बोर्डावरच ४ जीबीची ईएमएमसी, म्हणजे साठवणीची चिप. फर्मागुडीला शिकणाऱ्या एका पोराचं प्रोजेक्ट संपलं होतं, त्याच्याकडून अडीच हजारांत घेतला. आजच्या रास्पबेरी पायसमोर हे आकडे किरकोळ वाटतील. मी घेतला तो वेगळ्याच गोष्टीसाठी. या प्रोसेसरच्या पोटात पीआरयू नावाचे दोन छोटे प्रोसेसर आहेत. ते लिनक्सच्या भानगडीत पडत नाहीत, २०० मेगाहर्ट्झवर आपलं काम करत बसतात, एका सूचनेला ५ नॅनोसेकंद.

डिमरला हे का लागतं, ते सांगतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा व्होल्टेज शून्यावरून जातं. त्या प्रत्येक शून्यानंतर ठरावीक वेळ थांबून ट्रायॅकला, म्हणजे दिव्याच्या इलेक्ट्रॉनिक स्विचला, टिचकी मारायची. लवकर मारली तर दिवा प्रखर, उशिरा मारली तर मंद. अर्धं चक्र १० मिलिसेकंदांचं. उजेडाच्या २५६ पायऱ्या हव्या असतील तर एका पायरीला साधारण ३९ मायक्रोसेकंद येतात. लिनक्सवरचा साधा प्रोग्रॅम एवढी वेळ पाळत नाही. त्याला मध्येच दुसरं काही सुचतं, टिचकी दोनशे मायक्रोसेकंद उशिरा पडते आणि दिवा थरथरतो. प्रेक्षकाला वाटतं राजाला ताप भरलाय. पीआरयू मात्र शून्याची वाट बघत ताटकळत उभा राहतो. जत्रेत निम्मा वेळ जनरेटर असतो आणि त्याचे ५० हर्ट्झ कागदावरचेच, म्हणून दर शून्य नव्याने पकडणं गरजेचं.

आता गोम इथे आहे. बोर्डाच्या दोन्ही बाजूंना ४६-४६ पिनांच्या पट्ट्या, पी-८ आणि पी-९. दुसऱ्या पीआरयूच्या ज्या बारा पिना मला थेट हव्या होत्या, त्या पी-८ वर २७ ते ३० आणि ३९ ते ४६. आणि पी-८ च्या २७ ते ४६ या वीसच्या वीस पिना एचडीएमआयने अडवलेल्या. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, चालू झाल्याबरोबर स्क्रीनचा ड्रायव्हर येतो आणि त्या आपल्या नावावर करतो. आपण मागायला गेलो तर कर्नलचा निरोप येतो की पिन आधीच दिलेली आहे, तुम्हाला मिळणार नाही. नाटकाच्या मंडपात संध्याकाळी सहालाच पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवर रुमाल टाकून जातात ना, अगदी तसं. रुमालवाला स्वतः नाटकाला येतही नाही. माझ्या बोर्डाला आजवर एकदाही टीव्ही जोडलेला नाही.

हे विकणारा सांगत नाही. खोक्यावर पिनांचा आकडा असतो, त्यातल्या किती बांधलेल्या आहेत त्याचा नसतो. ईएमएमसीनेही दहा पिना धरल्यात, त्या वेगळ्याच.

पोराने बोर्डावर स्वतः बांधलेलं छोटंसं लिनक्स टाकलं होतं, मूळ कर्नलवर. त्यात एचडीएमआय मुख्य डिव्हाइस ट्रीतच बसवलेलं. डिव्हाइस ट्री म्हणजे कर्नलला दिलेली बोर्डाची जंत्री: कोणती पिन कोणाची, कुठे काय जोडलंय. माझा भाचा विनाकारण उत्साही. म्हणाला, ‘मामा, आपण कर्नलच परत बांधूया.’ मी म्हटलं, ‘मोटरचं वाइंडिंग सोडवायचं तर तार कापावी लागते, इथे काय कापायचं?’ तर कापायची होती एकच ओळ. बोनब्लॅकच्या डीटीएस फाइलमध्ये, म्हणजे या जंत्रीच्या मजकुरात, वरच्या भागात एचडीएमआयची फाइल आत घेणारी एक ओळ आहे. तिच्यापुढे दोन तिरक्या रेघा मारल्या की ती मेली. मग आपल्या बारा पिनांची नवी नोंद लिहायची. प्रत्येक पिनेला शून्य ते सात असे आठ अवतार असतात. आमच्या पिनांवर शून्य म्हणजे स्क्रीन, सात म्हणजे साधी चालू-बंद करायची पिन (जीपीआयओ), पीआरयूचं आउटपुट हवं तर पाच. आम्ही बारा ओळींत बारा वेळा पाच लिहिलं. शिवाय कर्नलच्या मेनूत जाऊन पीआरयूचे ड्रायव्हर चालू केले, ते आधी बंदच होते.

बांधणी बोर्डावर करू नका. ५१२ एमबीत रात्र संपेल, कर्नल संपणार नाही. आम्ही भाच्याच्या जुन्या लॅपटॉपवर एआरएमचा क्रॉस कंपायलर, म्हणजे बोर्डाच्या जातीच्या प्रोसेसरसाठी लॅपटॉपवरच कर्नल बांधून देणारा प्रोग्रॅम, टाकला; पाऊण तास पंखा घोंघावला, तेवढ्यात मी दोन सीलिंग फॅन गुंडाळून मोकळा झालो. नवीन कर्नल टाकला, बोर्ड चालू केला, आणि एचडीएमआय जागच्या जागी! दोन संध्याकाळी यात गेल्या. चूक एवढीच की कर्नल नवा नेला होता, पण डिव्हाइस ट्रीची बांधलेली फाइल जुनीच राहिली होती. भाचा गप्प. मीही काही बोललो नाही, त्याच्या आईने केलेले नेवऱ्यांचे ताट समोर होतं.

आता कबुली. हे सगळं झाल्यावर एकदा बोर्डावर बीगलचं नेहमीचं तयार लिनक्स, डेबियन, टाकून बघितलं. तिथे बूटच्या फोल्डरमध्ये यूएन्व्ह नावाची मजकुराची फाइल असते. तिच्यात यू-बूटचं (लिनक्सच्या आधी उठणाऱ्या प्रोग्रॅमचं) व्हिडिओ ओव्हरले, म्हणजे जंत्रीत एचडीएमआय भरणारी नोंद, बंद करायची ओळ आधीच लिहिलेली आहे, पुढे फक्त एक चौकटीसारखी खूण (#) आहे. ती खूण खोडायची, बोर्ड परत चालू करायचा, वीस खुर्च्या रिकाम्या. एक मिनिटाचं काम. तेव्हा तुम्ही डेबियन वापरणार असाल तर कर्नलच्या वाटेला जाऊच नका. मी मात्र आमचाच कर्नल ठेवला. डेबियनला उठायला जवळजवळ मिनिट लागतं, आमचा पंधरा सेकंदांत उठतो. जनरेटर बदलताना वीज जाते तेव्हा अंधारात पंधरा सेकंद लोक शिट्ट्या मारतात, मिनिटभरात खुर्च्या सरकू लागतात.

यानंतरची गोष्ट ज्याला हा बोर्ड घ्यायचाय त्याने नीट वाचावी. पिना सुटल्या म्हणून त्या पूर्ण आपल्या झाल्या असं नाही.

पहिल्या सीझनला दुकानात सगळं झकास चाललं होतं. बाराही चॅनेल, हळू चढणारी पहाट, झटक्यात ब्लॅकआउट. ट्रायॅकला टिचकी मारायला एमओसी ३०२३ ऑप्टोकपलर वापरले होते; यात आतल्या छोट्या एलईडीच्या उजेडाने सिग्नल पलीकडे जातो, वायर जोडलेली नसते. जास्त मिळणारा ३०२१ घेऊ नका, त्याला १५ मिलिअँपिअर लागतात. ३०२३ पाचावर चालतो आणि या पिनेला त्याहून फार ताण देऊ नये. (शून्यावरच चालू होणारा ३०४१ तर डिमरला चालतच नाही. दुकानदार ‘सेमच आहे’ म्हणून देतो, घेऊ नका.) जत्रेच्या गावी पोचलो, पेट्या जोडल्या, रिबन केबल लावली, मेन ऑन केला. बोर्डावरचा पॉवरचा दिवा लागला. पण बोर्डावरचे दुसरे चार निळे दिवे, जे एरवी लिनक्स उठल्यावर लुकलुकतात, ते मेलेले. बंद करून परत चालू. तेच. दुसरी घंटा झाली होती. विंगेतून पेटीवाला डोकावला, ‘कितें जालें?’ मी काय सांगणार?

झालं होतं ते असं. पी-८ च्या ३१ ते ४६ या पिनांना जन्माच्या वेळी आणखी एक काम असतं. प्रोसेसरला वीज मिळाल्याबरोबर तो या सोळा पिना वाचतो आणि त्यावरून ठरवतो की ईएमएमसीवरून उठायचं, कार्डावरून उठायचं की आणखी कुठून. पिना वर-खाली धरून ठेवायला बोर्डावर रेझिस्टर आहेत, पण ते दुबळे. माझ्या आठ चॅनेलच्या ऑप्टोकपलरमधल्या एलईडी जमिनीला जोडलेल्या, त्यांनी त्या पिना खाली ओढल्या. त्यातली ४३ नंबरची पिन तर बोर्डावरच्या बूट बटनाचीच आहे. म्हणजे माझा डिमर ते बटन दाबूनच बसला होता. दुकानात हे कधी दिसलं नाही, कारण तिथे मी बोर्ड आधी चालू करायचो आणि केबल नंतर लावायचो. २७ ते ३० वरच्या चार चॅनेलचा यात काही दोष नाही, त्या पिना त्या यादीत येत नाहीत.

त्या रात्री रिबन उपटली, बोर्ड चालू केला, मनात वीसपर्यंत मोजलं आणि रिबन परत लावली. नांदी दहा मिनिटं उशिरा झाली. गावात जत्रेचं नाटक वेळेवर सुरू होत नाहीच, म्हणून वाचलो.

दुरुस्ती दुसऱ्या दिवशी. मध्ये ७४ एचसीटी १२६ चे तीन आयसी टाकले, एकात चार बफर, म्हणजे सिग्नल जसाच्या तसा पुढे देणारे. त्यांची इनपुट पिनेला ओढत नाहीत. आणि त्यांना चालू करणारी वायर पी-९ च्या १० नंबरच्या रीसेट पिनेला जोडली. बोर्ड रीसेटमध्ये असेपर्यंत बफर बंद, दिवेही बंद. १२६ घ्या, १२५ नको. १२५ उलटा चालतो. एचसी नको, एचसीटीच, कारण बफर ५ व्होल्टवर आहेत आणि बोर्डाची पिन ३.३ व्होल्टच देते. तीन आयसींचे शंभर रुपयेही झाले नाहीत. शून्य पकडणारा सिग्नल पी-९ च्या २६ वर आत घेतलाय, तोही ऑप्टोकपलरमधून. २३० व्होल्टची बाजू आणि बोर्डाची बाजू यांच्यात तांब्याचा एक धागाही जाता कामा नये, हे माझ्या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको.

तक्रारी आहेतच. पट्ट्यांच्या टोकांना आकडे आहेत, मधल्या भोकांना नाहीत. विंगेतल्या अंधारात चाळिसावं भोक टाचणीने मोजत बसावं लागतं. मी आता पट्टीच्या कडेला नेलपॉलिशचे ठिपके दिलेत, दर दहाव्याला लाल. आपल्या पावसात भोकांतले पत्रे काळे पडतात, आषाढानंतर एकदा कॉन्टॅक्ट क्लीनर मारावाच लागतो. यूएसबी जुन्या मिनी जातीची, ती केबल आता शोधावी लागते. ५ व्होल्टचं गोल सॉकेट आणि आमच्या एलईडी पट्ट्यांचं १२ व्होल्टचं सॉकेट एकाच मापाचं, म्हणून अ‍ॅडॅप्टरच्या वायरीला मी पिवळी टेप गुंडाळलीय. आणि एचडीएमआय बंद केलंत की बोर्ड मुका होतो, तेव्हा सहा पिनांची सिरियल केबल आधीच घेऊन ठेवा. बोर्ड कुठे अडलाय ते तिच्यावरच दिसतं.

कोणी म्हणेल, नुसत्या टिचक्या मारायच्या तर रास्पबेरी पाय पिको हा छोटा बोर्ड पुरे, चार-पाचशेत मिळतो. खरं आहे. पण मला क्यूंची, म्हणजे उजेड बदलायच्या जागांची, यादी मराठीत हवी होती. ‘राणी प्रवेश’, ‘वीज कडाडते’, ‘पहाट, भूपाळी’ अशी नावं फोनवर दिसतात, बोट लावलं की प्रवेश बदलतो. ते सगळं याच बोर्डावर, एका पेटीत. तालमीला गेलो की दिग्दर्शक माझ्याच फोनवर बोट ठेवून ‘इथे जरा मंद’ म्हणतो, आणि ते तिथल्या तिथे नोंदलं जातं.

पाचपैकी चार देतो. एक कापला तो रुमालांसाठी.

सध्या अडचण तेराव्या चॅनेलची आहे. प्रॉम्प्टरला विंगेत वाचायला मंद दिवा हवाय. पुढची पीआरयू पिन पी-८ ची २१, ती ईएमएमसीने धरलीय, आणि ती सोडवायची तर बोर्ड कार्डावरून उठवावा लागेल. पिकअपच्या धक्क्यांत कार्डावर माझा भरवसा नाही. प्रॉम्प्टरचा दिवा अजून खांबाला बांधलेल्या साध्या बटनावर आहे.