कृष्णधवल लेझर प्रिंटरवर जुनी छायाचित्रे: वर्षभराच्या वापरानंतर

प्रिंटर, स्कॅनर आणि कॉपियर एकत्र असलेले हे कृष्णधवल लेझर यंत्र मी वर्षभर वापरत आहे. मजकुराच्या छपाईत नाव ठेवायला जागा नाही. छायाचित्रांनी मात्र सुरुवातीला चांगलाच घाम फोडला. आजीचे एक जुने छायाचित्र ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ग्रेस्केलमध्ये, म्हणजे करड्या छटांत, स्कॅन केले, तेव्हा पडद्यावर तिच्या केसांची बट न् बट वेगळी दिसत होती. कागदावर मात्र केस आणि मागची भिंत मिळून एकच काळा डाग उमटला. काच पुसून ६०० डीपीआयने पुन्हा स्कॅन केले; चित्रातले पिक्सेल चौपट झाले, डाग जागच्या जागी राहिला.

चूक छपाईच्या बाजूला होती. आठ बिटांच्या ग्रेस्केल चित्रात २५६ छटा असतात, पण या यंत्राकडे टोनर (छपाईची पूड) एकच, काळा. करड्या छटांचा भास त्याला बारीक ठिपक्यांची दाटी कमीजास्त करून निर्माण करावा लागतो. ६०० डीपीआयवर ८ बाय ८ ठिपक्यांचा चौकोन धरला, तर पांढऱ्यासह ६५ छटा मिळतात आणि इंचाला ७५ रेघांची, म्हणजे अशा ७५ चौकोनांची, जाळी बसते. छटा वाढवण्यासाठी चौकोन मोठा केला की बारकावे जातात. शिवाय कागदावर प्रत्येक ठिपका थोडा फुगतो आणि मधल्या छटा हव्या त्याहून गडद होतात.

म्हणून ड्रायव्हरमध्ये (संगणकावरून प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) ‘मजकूर’ऐवजी ‘छायाचित्र’ निवडले, डेन्सिटी (टोनरचा दाटपणा) एक पायरी उतरवली आणि टोनर बचत बंद केली. ब्राइटनेस वाढवून पाहिला, तर केस उजळले खरे, पण कपाळावरचा उजेड कोऱ्या कागदात विरून गेला. त्यापेक्षा चित्र-संपादकात गामा (मधल्या छटांचा उजळपणा ठरवणारा आकडा) १.० वरून १.३ वर नेला, तेव्हा मधल्याच छटा वर आल्या आणि भिंतीपासून केस सुटे झाले. दरवेळी पूर्ण पान न छापता केस आणि कपाळ येईल एवढीच पट्टी छापून पाहिल्याने बराच टोनर वाचला.

छापील कात्रणे स्कॅन केल्यावर उमटणारी लहरींची नक्षी मात्र यातून जात नाही. त्यासाठी स्कॅन करतानाच ‘डीस्क्रीन’ (मूळ छपाईतल्या ठिपक्यांची जाळी पुसट करणारा पर्याय) सुरू करावे लागते.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. हे पर्याय ड्रायव्हरच्या तिसऱ्या पानावर दडवलेले आहेत, आणि यंत्रावरचे कॉपीचे बटण थेट दाबले, तर त्यांपैकी एकही लागू होत नाही.