बटणाचा हुक आणि ऑक्युपेशनल थेरपी : आठ महिन्यांनंतर

बाबांचा हुक, म्हणजे एका हाताने बटणं लावायला मुठीला तारेचा फासा बसवलेलं साधन, तुटला म्हणून लिहायला बसले. पाचव्या महिन्यात, शर्टाचं तिसरं बटण ओढताना तारेचा फासा मुठीतच गरकन फिरला आणि निघून हातात आला. फोमची जाड मूठ उत्तम आहे, पण तार आत नुसती चिकटवलेली होती. विक्रेत्याचं उत्तर : वापरामुळे झालेली झीज, वॉरंटीत बसत नाही. रोज शर्टाची बटणं लावणं हाच त्या वस्तूचा वापर आहे, हे तीन मेल करून सांगितलं. पैसे बुडाले ते बुडालेच.

पक्षाघातानंतर बाबांचा उजवा हात लुळा पडला. फिजिओथेरपी चालू होती, त्यात ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं स्वतःची स्वतः करता यावीत यासाठीचे उपचार, हे त्याच कामाचे दुप्पट पैसे, असं माझं ठाम मत होतं. पहिल्या दिवशी थेरपिस्टनी खुंट्यांची चाचणी घेतली. नऊ खुंट्या एकेक करून भोकांत बसवायच्या, परत काढायच्या, किती वेळ लागतो ते मोजायचं. मग विचारलं, "तुम्हाला सगळ्यात जास्त काय नडतं?" बाबा म्हणाले, "शर्ट. लेकीला बटणं लावावी लागतात." इतके दिवस मीच ती लावत होते आणि हे मला ठाऊक नव्हतं.

मग सगळं शर्टाभोवतीच फिरलं. घालताना दुबळा हात बाहीत आधी, काढताना शेवटी. बटणं खालून वर लावायची, कारण खालची नजरेसमोर असतात. हुकाचा फासा काजातून आत घालायचा, बटण पकडायचं, अलगद बाहेर ओढायचं.

हुकाला माझा विरोध होता. आयता आधार मिळाला तर हात सुधारणार कसा? दोन महिने मी तो कपाटात ठेवला, आणि ती माझी चूक होती. थेरपिस्टनी हुक डाव्या हातात दिला, पण शर्टाची कड धरून ठेवायचं काम उजव्याला दिलं. म्हणजे तो हात रोज कामाला लागणार होता. पुढे बोटं मिटायला लागल्यावर हुक उजव्या मुठीत गेला. मूठ जाड हवी ती यासाठीच, बारीक दांडा त्या बोटांत टिकतच नाही.

माझी भाची त्याच थेरपिस्टकडे जाते, अक्षरासाठी. पेन्सिलची ग्रिप फार नंतर आली. आधी पावलं टेकतील असा पायाखाली ठोकळा आणि तिरका लिहायचा फळा. बसणं डळमळीत असेल तर सगळा जोर बोटांवर येतो, हे मला तिथेच कळलं.

तर हुक. तो तुटला त्या दिवशी बाबांच्या उजव्या हातात होता. तार निघेल इतक्या जोराने त्या हाताने ओढलं होतं. विक्रेत्यावरचा राग अजून आहे, पण बाबा ती तुटकी तार पुन्हा पुन्हा बघत होते, ते मी विसरणार नाही.

नवा हुक घेताना तार मुठीतून आरपार जाऊन मागे वळवलेली आहे ना, ते बघितलं. तुम्हीही बघा, पिरगळून बघा. सातपैकी चार बटणं आता बाबा नुसत्या बोटांनी लावतात. कॉलरच्या बटणाला हुक लागतोच.