थेट मेडिकलच्या काउंटरवर, की आधी डी. फार्म.?

बारावी झाली आहे, मेडिकलमध्ये काम करायचं मनात आहे आणि घरात दोन मतं आहेत. वडील म्हणतात, ओळखीच्या दुकानात उभा राहा, दोन वर्षांत सगळं हाताखालून जाईल. मामा म्हणतात, आधी डी. फार्म. कर, म्हणजे फार्मासिस्ट होण्यासाठीची पदविका. माझ्या घरी अगदी हेच झालं होतं. मी वडिलांचं ऐकलं, दीड वर्ष काउंटरवर काढलं आणि नंतर मामांच्या रस्त्याला लागलो. माझा अनुभव तालुक्याच्या गावातला आहे. पुण्या-मुंबईच्या मोठ्या दुकानांत गोष्टी वेगळ्या असू शकतात.

काउंटरची बाजू आधी सांगतो, कारण तिला कमी लेखणारे बहुतेक कधी काउंटरमागे उभे राहिलेले नसतात. पहिले दोन महिने मी फक्त माल लावला. डिस्ट्रिब्युटरचे खोके आले की बिल हातात धरून एकेक नग पडताळायचा: बॅच नंबर, एक्सपायरी, एमआरपी. जवळच्या तारखेचा माल पुढे, लांबचा मागे. संपत आलेलं औषध त्याच क्षणी शॉर्टेजच्या वहीत लिहायचं, संध्याकाळी आठवत नाही. स्ट्रिप कापायची तीसुद्धा शिकावी लागते. गिऱ्हाइकाला चारच गोळ्या हव्या असतील तर तारीख आणि बॅच छापलेलं टोक उरलेल्या तुकड्यावर राहील अशी कात्री चालवायची, नाहीतर उरलेल्या सहा गोळ्यांची ओळखच पुसली जाते. हे मला सरांनी, म्हणजे दुकानाच्या फार्मासिस्टांनी, पहिल्याच आठवड्यात हात धरून दाखवलं.

डॉक्टरांचं अक्षरही तिथेच लागतं. गावातल्या पाच-सहा डॉक्टरांच्या शेकडो चिठ्ठ्या डोळ्यांखालून गेल्या की प्रत्येकाचं वळण ओळखीचं होतं. आणि माणसं कळतात. प्लास्टिकच्या पिशवीतून रिकामी स्ट्रिप काढून ‘हीच दे बाळा, त्या पांढऱ्या गोळ्या’ म्हणणाऱ्या आजींना घाई न करता कसं विचारायचं, हे मला तरी वर्गात शिकता आलं नसतं. वर महिन्याला पगार, मग तो थोडा का असेना.

मला नडली ती दुपार.

सर दोनला जेवायला जायचे ते चारला यायचे. फार्मसी कायदा १९४८ चा आहे, आणि त्याच्या कलम ४२ प्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं असतं. औषध नियमांत ‘त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली’ अशी सोय आहे, मदतनिसाची सगळी जागा त्या शब्दांत मावते. मी डबी काढायची, सरांनी चिठ्ठीशी ताडून पाहायची, मग ती गिऱ्हाइकाच्या हाती जायची. सर नसताना ही साखळी तुटते. पण गुरुवारी आमच्या गावचा बाजार. वाडीवस्तीवरून आलेल्या माणसाची तीनची एसटी असते, औषध माझ्यामागे हातभर अंतरावर असतं, आणि मी म्हणणार, ‘चारला या.’ शेठ म्हणायचे, ‘ओळखीचं असेल तर देऊन टाक.’ दिलं तर नियमाबाहेर, नाही दिलं तर माणूस रिकाम्या हाताने जातो. दीड वर्ष, रोज दोन तास, हे टोचत राहिलं.

अशाच एका गुरुवारी पावणेतीनला एक आजोबा आले. इन्शुलिनची नेहमीची बाटली आणि दहा सिरिंज. बाटली फ्रिजमधून काढून दिली. लाल टोपणाच्या सिरिंज संपल्या होत्या, नारिंगी टोपणाच्या दिल्या. माझ्या लेखी तो फक्त रंगाचा फरक होता. चारला सर आले, बिलं चाळताना त्या ओळीवर थांबले आणि बिलावरच्या नंबरवर फोन लावून म्हणाले, ‘सुई लावू नका, मी येतोय.’ स्कूटर काढून ते स्वतः वाडीवर गेले आणि सिरिंज बदलून आले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बिलाच्या पाठीवर गणित करून दाखवलं. लाल टोपणाची सिरिंज एका मिलिलिटरला ४० युनिटच्या इन्शुलिनसाठी असते, नारिंगी १०० युनिटच्या. आजोबांची बाटली ४० ची होती. नारिंगी सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत ओढलं असतं तर अंगात फक्त ८ युनिट गेलं असतं, साखर चढत राहिली असती. उलटं झालं असतं, बाटली १०० ची आणि सिरिंज लाल, तर २० च्या जागी ५० युनिट. सर रागावले नाहीत. पण दीड वर्षात ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती आणि मलाही विचारायचं सुचलं नव्हतं. त्याच आठवड्यात मी बारावीची गुणपत्रिका शोधून काढली.

डी. फार्म.चं मात्र गोड चित्र रंगवणार नाही. दोन वर्षं, त्यानंतर किमान तीन महिन्यांत ५०० तासांचं प्रशिक्षण. फी भरायची आणि तोवर कमाई नाही. हजेरी ७५ टक्के लागते, त्यामुळे दुकान सांभाळून कॉलेज हा विचार सोडलेला बरा. पुस्तकं इंग्रजीत, मराठी माध्यमातून आलेल्याला पहिले सहा महिने जड जातात, मला गेले. पहिल्या वर्षी वनस्पतींचे काप सूक्ष्मदर्शकाखाली बघताना हे दुकानात कुठे लागणार, असं वाटायचं. आताच्या मुलांपुढे एक्झिट परीक्षाही आहे. २०२० च्या अभ्यासक्रमाने शिकलेल्यांना नोंदणीआधी ती द्यावी लागते, आणि पहिली ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली. माझ्या वेळी ती नव्हती.

पण दुसऱ्या वर्षी फार्माकॉलॉजी, म्हणजे औषध शरीरात काय करतं हे शिकवणारा विषय, सुरू झालं आणि काउंटरवरच्या डब्या एकेक करून बोलायला लागल्या. मेटफॉर्मिनची एस.आर., म्हणजे पोटात हळूहळू औषध सोडणारी, गोळी का चावायची नाही, क्लोबाझाम आणि क्लोनाझेपाम शेजारी का ठेवू नयेत, एच-वन रजिस्टरमध्ये, म्हणजे काही ठरावीक औषधांच्या विक्रीच्या नोंदवहीत, रुग्णाचं नाव का लिहायचं. इतर मुलं नावं पाठ करत होती, मला ती माणसांसकट आठवायची. नव्या अभ्यासक्रमात तर ‘कम्युनिटी फार्मसी अँड मॅनेजमेंट’ हा स्वतंत्र विषय आहे. तो मला मिळाला असता तर बरं झालं असतं, असं मनापासून वाटतं.

फार्मसी असिस्टंटचे काही महिन्यांचे कोर्सही निघाले आहेत. कामाची ओळख म्हणून ते ठीक, पण त्या प्रमाणपत्रावर राज्य फार्मसी कौन्सिलच्या नोंदवहीत नाव लागत नाही. म्हणजे दुपारचे दोन तास तुमच्यापुढे तसेच राहतात. बारावी आर्ट्स किंवा कॉमर्सने झाली असेल तर डी. फार्म.ला प्रवेशच नाही, फिजिक्स-केमिस्ट्रीसोबत बायॉलॉजी किंवा मॅथ्स हवं. अशा वेळी असिस्टंटचा कोर्स आणि चांगलं दुकान मिळून काम होऊ शकतं.

विज्ञान शाखा असेल आणि घरची ओढाताण फार नसेल, तर मी तरी डी. फार्म.कडे झुकेन. जमलं तर निकाल आणि प्रवेश यांच्या मधले दोन-तीन महिने काउंटरवर काढून. घरात पगाराची गरज आजच असेल तर काउंटर धरा, त्यात कमीपणा नाही. फक्त दुकान निवडताना भिंतीवरच्या चौकटीतलं फार्मासिस्टचं प्रमाणपत्र बघून भुलू नका, काही ठिकाणी चौकट असते आणि माणूस नसतो. काम विचारायला सकाळी जाऊ नका. दुपारी तीनला जा, आणि काउंटरमागे कोण उभं आहे ते बघा.