लिनक्सवाल्यांनी लॅपटॉप इथेच दाखवा
लिनक्स (विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टिम) म्हटलं की बहुतेक दुकानवाले सरळ विंडोज टाकून देऊ का विचारतात, या रिपेअरच्या दुकानातल्या दादांनी तसलं काही केलं नाही. लिनक्स अपग्रेड केल्यापासून माझ्या लॅपटॉपवर विंडो सरकवली तरी अडकायची, व्हिडिओ लावला की फॅन नुसता बोंबलायचा. त्यांनी टर्मिनलमधे जीएलएक्सइन्फो (ग्राफिक्सची माहिती देणारी कमांड) चालवून दाखवलं, रेंडरर म्हणजे चित्र कोण काढतंय त्यासमोर ग्राफिक्स कार्डाऐवजी एलएलव्हीएमपाइप हे सॉफ्टवेअर, म्हणजे सगळा भार बिचाऱ्या सीपीयूवर. अपग्रेडमधे आलेल्या नवीन कर्नलसाठी (लिनक्सचा गाभा) ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरचं मॉड्यूल बनलेलं पण त्याची डिजिटल सही मान्य नसल्यामुळे सिक्युअर बूट (फक्त ओळखीच्या सहीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सुरक्षा) ते लोडच होऊ देत नव्हतं. फॉरमॅट नाही काही नाही, रीस्टार्ट करून निळ्या स्क्रीनवर की एनरोल केली, म्हणजे त्या सहीची ओळख लॅपटॉपला करून दिली, आणि झालं, डेटा जसाच्या तसा. प्रत्येक स्टेप समजावून सांगतात, हे फार आवडलं. संध्याकाळी गर्दी असते, सकाळीच जा.