सीपॅपची पाणीटाकी: साबण की व्हिनेगर?

बाबांच्या सीपॅपची (झोपेत श्वासासाठी दाबाने ओलसर हवा देणारं यंत्र) पाणीटाकी मी रोज सकाळी कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुते. बुळबुळीतपणा त्यानेच जातो. पण तळाच्या पत्र्यावर पांढरी पुटं चढली की साबण हात टेकतो. आमची विहीर समुद्राजवळ, पाणी मचूळ. डिस्टिल्ड वॉटर संपलं आणि तेच ओतलं की लगेच क्षार दिसतात. तिथे पांढरं व्हिनेगरच हवं, आठवड्यातून एकदा: एक भाग व्हिनेगर, नऊ भाग पाणी, दहा मिनिटं. (आईने कोकमाचं आगळ सुचवलं होतं!) मग मात्र नीट खळखळून धुवायची, नाहीतर ‘लोणच्याच्या बरणीत झोपलोय’ म्हणून बाबा कुरकुरतात. पावसाळ्यात काही केल्या वाळत नाही. पंख्याखाली पालथी घालते.