टाच कुठे अडते: तीन टेलिमार्क बाइंडिंग, दोन हिवाळे

टेलिमार्क म्हणजे टाच मोकळी ठेवून, एक पाय पुढे आणि दुसरा मागे गुडघ्यात वाकवून वळणे घेण्याची स्कीइंगची पद्धत, आणि बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला जोडणारी यंत्रणा. अशा बाइंडिंगविषयी दुकानात विचारले, की ‘हे जास्त ॲक्टिव्ह आहे, ते न्यूट्रल आहे’ एवढे उत्तर बहुधा मिळते. या दोन शब्दांचा पायाच्या भाषेतला अर्थ समजायला मला दोन हिवाळे लागले. मी सॉल्ट लेक सिटीत राहतो. शनिवार-रविवारी जवळच्या अल्टा या स्की-केंद्राच्या लिफ्टवर आणि अधूनमधून स्कीला स्किन्स (चढताना मागे घसरू न देणाऱ्या पट्ट्या) चिकटवून तिथल्याच ग्रिझली गल्च या घळीत चढून जाणे, असा माझा वापर आहे. टेलिमार्क चाळिशी उलटल्यावर शिकायला घेतले, त्यामुळे पुढे जे लिहीत आहे ते तरबेज माणसाचे मत नाही. रोज बैठका न मारणाऱ्या मांड्यांचे आहे.

सुरुवात तीन खिळ्यांच्या जुन्या बाइंडिंगवर झाली. नॉर्वेच्या ब्रोर वित यांनी १९२७ मध्ये ‘रोटेफेला’, म्हणजे उंदीर पकडण्याचा चाप, या नावाने जे बाइंडिंग आणले, त्याच घराण्यातले हे. बुटाच्या पुढे बदकाच्या चोचीसारखी, ७५ मिलिमीटर रुंदीची एक जीभ असते. तिच्या तळाच्या तीन भोकांत तीन खिळे बसतात आणि वरून एक तारेची कडी दाबून लावायची असते. टाचेला काहीही धरत नाही. पायाखालची भावना वापरून मऊ झालेल्या कोल्हापुरी चपलेची आहे: टाच उचलली की उचलली, तिला परत खाली ओढणारे बुटाच्या तळाव्यतिरिक्त कोणी नाही. उथळ उतारावर, ताज्या भुसभुशीत बर्फात ही मोकळीक फार सुखाची वाटते. उतार कडक आणि उभा झाला की मात्र सगळे वजन नकळत पुढच्या पायावर जाते आणि मागचा पाय पाहुण्यासारखा नुसता सोबत येतो. त्याची स्की कुठे चालली आहे हे वळण संपल्यावर कळते.

दुसरी जोडी २२ डिझाइन्स या आयडाहोतल्या कंपनीच्या ‘ॲक्सल’ची, आणि खरे शिक्षण हिनेच दिले. बूट तोच, ७५ मिलिमीटरचा. फरक असा, की टाचेमागच्या खाचेत बसणाऱ्या पट्टीला स्प्रिंग लावलेल्या आहेत आणि तिथून येणारी केबल पायाच्या बाजूने न जाता तळव्याखालून जाऊन बाइंडिंगला जोडली जाते. ही जोडणीची जागा, म्हणजे केबलची बिजागरी, पुढे-मागे करण्यासाठी तीन स्थाने दिलेली असतात. बूट चवड्याजवळ वाकतो. केबलची बिजागरी त्या वाकण्याच्या जागेजवळ असेल तर टाच वर गेली तरी केबलला फारसे ताणावे लागत नाही; हेच न्यूट्रल. बिजागरी जितकी मागे, तितकी टाच उचलताच स्प्रिंग दबायला लागते आणि चवडा स्कीवर रेटला जातो. म्हणजे ॲक्टिव्ह असणे ही ताकदीपेक्षा वेळेची गोष्ट आहे. ताण किती आहे यापेक्षा तो टाच कुठवर आल्यावर सुरू होतो, हे पायाला अधिक कळते.

हे पडताळण्यासाठी मी एका आठवड्यात तिन्ही स्थानांवर त्याच सपाट केलेल्या उतारावर उतरलो, आणि दरवेळी आदल्या रात्री घरी टेबलावर स्की आडव्या ठेवून बदल केला. पुढच्या स्थानावर वळणाचा पहिला निम्मा भाग तीन खिळ्यांसारखाच मोकळा होता आणि गुडघा बराच खाली गेल्यावर कुठे आधार आला. मधल्या स्थानावर टाच दोन-तीन बोटे उचलली जाताच तळव्याखाली हलकासा दाब जाणवला, जो पुढे एकसारखा वाढत गेला. मागच्या स्थानावर तर टाच उचलण्याचा विचार केला तरी चवडा खाली दाबला जात होता. त्या दिवशी मागची स्की पहिल्यांदाच माझ्या सांगण्याप्रमाणे वळली, आणि मी मनाशी ठरवून टाकले की हेच माझे बाइंडिंग.

तिथेच फसलो. पुढच्याच महिन्यात एका मित्राच्या, व्होइले कंपनीच्या ‘स्विचबॅक’ बाइंडिंगवर दोन दिवस काढले. हे बाइंडिंग बऱ्यापैकी न्यूट्रल आहे आणि चढताना पुढचा भाग मोकळा फिरतो, म्हणून डोंगरात हिंडणाऱ्यांना ते आवडते. पहिल्याच उभ्या उतारावर माझा मागचा पाय पुन्हा पाहुणा झाला आणि मी तोंडावर पडलो. इतके दिवस मागच्या पायावर जे वजन आहे असे मला वाटत होते, ते माझे नव्हतेच. स्प्रिंगने दिलेला तो उसना दाब होता. तेव्हापासून ॲक्सल मधल्या स्थानावर आहे.

तिसरी जोडी एनटीएन (न्यू टेलिमार्क नॉर्म) पद्धतीची, २२ डिझाइन्सचीच ‘आउटलॉ एक्स’. ही पद्धत रोटेफेलाने २००७ मध्ये बाजारात आणली. तिच्यात बुटाला चोच नसते आणि टाचेच्या पुढे, तळव्याच्या खळग्याखाली, एक छोटी दुसरी टाच असते. बाइंडिंग तिला पकडते. याचा पायाला जाणवणारा परिणाम मोठा आहे. केबलचे बाइंडिंग बूट टाचेपासून अंगठ्यापर्यंत लांबीच्या दिशेने आवळते, तर इथे ओढ फक्त पावलाच्या पुढच्या अर्ध्या भागावर येते. घोटा बाजूला कलवला की स्कीची कड तत्क्षणी बर्फात रुतते, मधे कुठे गळती नाही. कडक बर्फावर आणि मोगलमध्ये, म्हणजे उतारावरच्या बर्फाच्या उंचवट्यांत, हा नेमकेपणा हवाहवासा वाटतो. उलट खोल भुकटीत मला तो थोडा हट्टी वाटला, कारण टाच उचलताच बाइंडिंग आपले मत सांगायला लागते. अर्थात या तुलनेत एक खोट आहे, ती लपवत नाही: एनटीएनसाठी बूटही वेगळा लागला आणि तो जुन्यापेक्षा ताठ आहे, त्यामुळे श्रेय बाइंडिंगचे किती आणि बुटाचे किती हे मला पूर्ण वेगळे करता येत नाही. वाकून कडी न लावता पाय ठेवून दाबला की बसतो, ही सोय मात्र निर्विवाद आहे. लिफ्टच्या रांगेत मागचे लोक ताटकळत असताना तिची किंमत कळते.

थोडे इतर अनुभव. यंत्रणा तळव्याखालून जात असली की दमट दिवशी तिथे बर्फ घट्ट होऊन बसतो, मग बाइंडिंग कोणतेही असो. पाय एका बाजूला किंचित उंच राहिल्यासारखा वाटला तर आधी काठीच्या टोकाने खाली खरवडून पाहावे. एकदा एका दुकानाने बसवून दिलेल्या जोडीचा पुढचा स्क्रू चौथ्याच दिवशी सैल झाला. टेलिमार्कमध्ये बाइंडिंगचा पुढचा भाग वळणागणिक वर उपटला जात असतो, म्हणून तेव्हापासून पहिल्या आठवड्यात रोज संध्याकाळी पेचकस लावून पाहतो. आणि पडल्यावर स्की आपोआप सुटेल हे गृहीत धरू नये. माझ्या तिन्ही जोड्यांपैकी एकीतही तशी सोय नाही, आणि हिमप्रपाताचा धोका असलेल्या उतारावर जाताना ही गोष्ट डोक्यात ठेवावी लागते.

सध्या लिफ्टच्या दिवशी आउटलॉ एक्स आणि ताज्या बर्फाच्या दिवशी ॲक्सल, असे चालले आहे. तीन खिळ्यांची जोडी विकली नाही. हंगामाचे पहिले दोन दिवस मुद्दाम तिच्यावरच उतरतो, कारण मागच्या पायावर वजन खरोखर आहे की नाही, याबाबतीत ती अजिबात भीड ठेवत नाही.